थंडीनं जळालेली झुडपं: उपटायची कधी आणि त्या जागी लावायचं काय

आधी एक विनंती, हातातली कात्री खाली ठेवा. फेब्रुवारीत कडाक्याची थंडी पडून गेली की चार-पाच दिवसांत घरासमोरची झुडपं चहाच्या चोथ्यासारखी तपकिरी होतात, ते बघून जीव तुटतो आणि शनिवार-रविवार मोकळा असला की माणूस सरळ उपटायलाच घेतो. मी घेतलं होतं. म्हणून लिहितोय.

आम्ही डॅलसच्या उत्तरेला, प्लॅनोमध्ये राहतो, त्यामुळे खाली जे आहे ते नॉर्थ टेक्ससच्या हिशेबानं आहे. न्यू जर्सी-शिकागोवाल्यांची झाडंही वेगळी आणि थंडीही वेगळी, त्यांना तपासण्याची पद्धत तेवढी कामाला येईल. तिकडची थंडी सांगून येते हो, झाडं महिनाभर आधीपासून तयारीत असतात. आमच्याकडे गुरुवारी हाफ पँटवर फिरायचं आणि शनिवारी नळ फुटलेले.

२०२१ चा फेब्रुवारी इथल्या कुणालाच विसरता येणार नाही. १६ तारखेला सकाळी डॅलस-फोर्टवर्थ विमानतळावर उणे २ फॅरनहाईट, म्हणजे जवळजवळ उणे १९ सेल्सिअस, आणि पारा सलग पाच दिवसांपेक्षा जास्त शून्य सेल्सिअसच्या खालीच. लाइट गेलेले, आम्ही सगळे एका खोलीत गोधड्या घेऊन बसलेलो, झाडांचा विचार कोण करतंय. बर्फ वितळल्यावर बाहेर आलो तर आमची इंडियन हॉथॉर्नची दहाच्या दहा झुडपं तपकिरी. (नाव इंडियन, पण झाड मूळचं दक्षिण चीनकडचं.) मार्चच्या पहिल्याच आठवड्यात माणसं बोलावून दहाही काढून टाकली. शेजारच्या टेक्सन आजी कुंपणापलीकडून म्हणाल्या, "इतकी घाई कसली, मे महिना येऊ दे की." मी मनात म्हटलं, आजी तुमचं काय जातंय. मे महिन्यात त्यांच्या आठातल्या पाच झुडपांना बुडातून पालवी फुटली आणि माझ्यासमोर दहा खड्डे.

तर पहिलं काम म्हणजे मेलंय की जिवंत आहे ते बघणं. पानांवरून काही कळत नाही, पान जळणं ही सगळ्यात किरकोळ इजा. खरं काय ते सालीखाली. फांदीच्या टोकाजवळ अंगठ्याच्या नखानं साल हलकीच खरवडायची, अगदी रुपयाएवढी पण नको, नखाएवढी जागा पुरे. खाली हिरवट किंवा दुधाळ, ओलसर, बटाटा सोलल्यावर लागतो तसा थर दिसला तर तो भाग जिवंत. तपकिरी, कोरडं, लाकूड-लाकूड दिसलं तर तिथपर्यंत गेलं. मग वीतभर खाली सरका, परत खरवडा, असं करत करत खोडापर्यंत या. टोकाशी मेलेलं आणि जमिनीपासून फूटभर हिरवं असं फार वेळा सापडतं. २०२१ ला तर चार-पाच इंच बर्फ होता त्यानं पांघरुणाचं काम केलं होतं, बऱ्याच झुडपांवर पट्टी धरून रेघ मारावी तसं दिसत होतं, बर्फाच्या वरचं सगळं तपकिरी आणि खालचं हिरवंगार.

एका फांदीवर निकाल लावू नका. चारी बाजूंच्या दोन-दोन फांद्या बघा, आणि हे सगळं थंडी गेल्यावर दुसऱ्या दिवशी करायचं नाही, दोन-तीन आठवडे जाऊ द्या, कारण मेलेली सालसुद्धा सुरुवातीला हिरवीच असते आणि मग हळूहळू तपकिरी होते. दुसरं, खोडाला उभी चीर गेलीय का, साल सुटून लाकडापासून वेगळी झालीय का ते बघा. आतलं पाणी गोठून फुगतं आणि साल फाटते. सगळीकडून साल सुटली असेल तर त्याच्या वरचं वाचत नाही, आज हिरवं दिसलं तरी एप्रिलमध्ये चार पानं काढून जूनच्या उन्हात माना टाकतं.

आता थांबायचं म्हणजे किती? डॅलसकडे शेवटचं हिमतुषार साधारण मार्चच्या मध्यापर्यंत असतं पण मार्चअखेरीसही एखादी रात्र दगा देते. छाटलं की झाड जोरात कोंब काढतं आणि ते कोवळे कोंब पुढच्या थंडीत पहिल्यांदा जळतात. शिवाय वरचा मेलेला पाला खालच्या जिवंत डोळ्यांवर छत्रीसारखा असतो, दिसायला घाण दिसतो पण राहू द्यावा. मी आता मार्चअखेरपर्यंत कशालाच हात लावत नाही, छाटणी एप्रिलमध्ये, आणि उपटायचा निर्णय मेच्या मध्यात. त्यात एचओएची, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेची, नोटीस येते ती वेगळीच, "मृत झाडे काढून टाकावीत" वगैरे. मी ईमेल केला की ही झाडं जिवंत आहेत, सोबत खरवडलेल्या फांदीचा फोटो, मेपर्यंत वेळ द्या. दिला त्यांनी. लिहून मागितलं की बहुतेक वेळा देतात, गप्प बसलात तर दुसरी नोटीस.

या मधल्या काळात दोन चुका सगळे करतात. एक म्हणजे खत, बिचारं आजारी आहे म्हणून शेण-युरिया जे असेल ते घालायचं. नको. अर्धमेल्या झाडाला खत म्हणजे तापातल्या माणसाला पुरणपोळी. नवी पालवी हातभर झाली की मग थोडं द्या. दुसरी म्हणजे रोज पाणी. पानं नाहीत म्हणजे झाड पाणी पीत नाहीये, आणि आमची माती चिकण, मुळं कुजून मरतील. बोट दोन इंच खुपसायचं, कोरडं लागलं तरच पाणी.

आता कुठलं झाड परत येतं आणि कुठलं नाही, हा सगळ्यात कामाचा भाग. लॅन्टाना, म्हणजे आपल्या घाणेरीची सख्खी बहीण, तिची काळजीच करू नका. (अकोल्याला असताना जी बांधावरून उपटून फेकायचो ती इथे नर्सरीत पैसे मोजून आणतो, आईला सांगितलं तर ती अर्धा तास हसत होती.) वरून पूर्ण मरते, सहा इंचांवर कापून टाका, एप्रिल-मेमध्ये बुडातून येते. टर्क्स कॅप तशीच, ही आपल्या मिरची जास्वंदीची नातेवाईक, दरवर्षीच जमिनीपर्यंत मरते आणि दरवर्षी येते. कण्हेर, इथले लोक ओलिअँडर म्हणतात, २०२१ ला सगळीकडे वरून वाळून गेली होती पण मुळं जिवंत राहिलेल्यांना बुडातून धुमारे आले, ती पूर्ण जमिनीलगत कापायची. हातमोजे घालून कापा आणि फांद्या कधीही जाळू नका, चीक विषारी आणि धूरही विषारी. क्रेप मर्टल, ही आपल्या ताम्हणाची धाकटी बहीण, बऱ्याच ठिकाणी जमिनीपर्यंत गेली. तिला बुडातून वीस-पंचवीस फुटवे येतात, त्यातले तीन ते पाच जाडजूड सरळ ठेवून बाकीचे काढले की दोन-तीन वर्षांत परत झाड उभं राहतं.

रोझमेरी मात्र गेली की गेली. तिला जुन्या लाकडातून पालवी फुटत नाही, खोडाची साल तपकिरी निघाली तर वाट बघण्यात अर्थ नाही. पिट्टोस्पोरमचं पण तेच, डॅलसकडे २०२१ मध्ये बहुतेक सगळे मेले. अनंत आणि लोरोपेटालम मधले, कधी येतात कधी नाही, पण आले तरी आमच्या चुनखडीच्या मातीत पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असं कायम कुरकुरत असतात, त्यामुळे मेले तर मी सुटलो म्हणतो. सागो पामची पानं वाळली तरी मधला कोंब टणक असेल तर थांबा. बोट दाबून मऊ लागला, वास आला तर काढा, आणि घरात कुत्रा असेल तर तसाही काढा, त्याचा प्रत्येक भाग कुत्र्याला विषारी आहे.

एक फसवणूक इथे होते ती कलमांची. गुलाब आणि लिंबू-संत्र्याची झाडं बऱ्याचदा दुसऱ्याच खुंटावर कलम केलेली असतात. वरचं गेलं, खालून जोमदार फुटवा आला, आपण खूश. आमच्या मायर लेमनला असाच आला, बायकोनं फोटो काढून अख्ख्या फॅमिली ग्रुपवर टाकला, आणि मी जवळ जाऊन बघतो तर एकेका देठावर तीन-तीन पानं आणि बोटभर लांब काटे. तो खुंट होता, ट्रायफोलिएट ऑरेंज. त्याला बिया भरलेली कडू फळं लागतात. तेव्हा फुटवा कलमाच्या गाठीच्या वरून आलाय की खालून, ते आधी बघा. खालून आला असेल तर ते तुमचं झाड नाही.

छाटणीला सोपा नियम, जिवंत भाग सापडेपर्यंत खाली या आणि हिरव्यात अर्धा इंच जाऊन एखाद्या डोळ्याच्या किंवा फुटव्याच्या जरा वर तिरका काप घ्या. पेन्सिलीएवढ्या फांद्यांना सिकेटर पुरतो, अंगठ्यापेक्षा जाड असेल तर करवत, सिकेटर दाबून दाबून फांदी चेचू नका. अर्ध्याहून जास्त झुडूप मेलं असेल आणि ते बुडातून फुटणाऱ्या जातीचं असेल तर अर्धवट ठेवण्यापेक्षा सगळंच फूटभरावर कापलं तर नंतर आकार चांगला येतो. आणि मेच्या मध्यापर्यंत कुठेच हिरवं नाही, बुडाशी खरवडलं तरी तपकिरी, तर मग रडायचं नाही, काढायचं.

आता नवीन काय लावायचं. इथे मला जे सांगायचंय ते नीट वाचा, कारण मी दोनदा पैसे घालवून शिकलोय. नर्सरीतल्या लेबलवर झोन लिहिलेला असतो, ८, ९ असा. हा यूएसडीएचा, म्हणजे अमेरिकेच्या कृषी खात्याचा, थंडीचा नकाशा, शेवटचा नोव्हेंबर २०२३ मध्ये आला आणि त्यात डॅलसचा बराचसा भाग ८ए मधून ८बी मध्ये गेला. ८बी म्हणजे १५ ते २० फॅरनहाईट. लोकांना वाटतं याच्या खाली पारा जाणार नाही. तसं नाहीये! हा आकडा म्हणजे दरवर्षीची सगळ्यात थंड रात्र घ्यायची आणि अशा तीस वर्षांची सरासरी काढायची, म्हणजे निम्म्या वर्षांत त्याहून थंड रात्र येऊ शकते. २०२१ चं उणे २ हे झोन ६बी मधलं तापमान आहे. डिसेंबर २०२२ मध्ये परत पारा एका रात्रीत घसरून दहा फॅरनहाईटच्या आसपास गेला. मी २०२१ मध्येच एका मोठ्या दुकानातून, लेबलवर झोन ८ बघून, हॉथॉर्नच्या जागी पिट्टोस्पोरम लावले होते (हो, तेच, दुकानात परत ढीग लावून ठेवले होते आणि विचारल्यावर म्हणाले एकदम हार्डी आहेत). डिसेंबर २०२२ नं तेही गेले.

म्हणून आता माझा हिशेब असा, घरासमोरची, कायमची, ज्यांच्यावर घराचं रूप अवलंबून आहे ती झुडपं झोन ७ किंवा त्याहून थंड चालणारीच घ्यायची. सरासरी रात्रीसाठी नाही, वाईटातल्या वाईट रात्रीसाठी. झोन ८-९ ची हौस असेल तर ती कुंडीत किंवा मागच्या अंगणात एखाददुसरी, मेली तर चाळीस डॉलर गेले, पूर्ण दर्शनी भाग जायला नको.

खिडकीखाली बुटकं हवं असेल तर ड्वॉर्फ यॉपॉन हॉली. इथलंच झाड, तीन-चार फूट, ऊन-सावली दोन्ही चालतं, चिकण माती चालते, कापून गोल करा नाहीतर तसंच सोडा. २०२१ मध्ये आमच्या गल्लीत जी झुडपं काहीच झालं नाही अशी उभी होती त्यात हे पहिलं. दिसायला साधं आहे, फुलांचा डौल नाही, पण रोज हिरवं दिसणं हाच त्याचा गुण. (यॉपॉनच्या पानात कॅफीन असतं, इथले मूळ रहिवासी त्याचा काढा करून प्यायचे.) जरा रुंद पसरणारं हवं तर कॅरिसा हॉली, डोक्याएवढं उंच हवं तर ड्वॉर्फ बरफर्ड हॉली, हिवाळ्यात लाल फळं येतात. शेजाऱ्याचं अंगण दिसायला नको असेल तर नेली आर. स्टीव्हन्स हॉली, पंधरा-वीस फूट जाते, पण कुंपणापासून पाच-सहा फूट लांब लावा, लहान रोप बघून दोन फुटांवर लावतात आणि मग दरवर्षी रडतात.

सगळ्या हॉलीच लावल्या तर घर सरकारी ऑफिससारखं दिसतं. फुलांसाठी ॲबेलिया, झोन ६ पर्यंत टिकते, उन्हाळाभर बारीक पांढरी फुलं आणि मधमाश्या. पूर्ण उन्हात ऑटम साल्व्हिया आणि रेड यक्का, लाल-कोरल तुरे येतात, हमिंगबर्ड येतात, पाणी जवळजवळ नकोच. सावलीत टर्क्स कॅप. टेक्सस सेज मला फार आवडतं, पाऊस येणार असला की जांभळं होऊन जातं, पण २०२१ ला ते बरेच मेले म्हणून एखादंच लावा. नंदिना टिकते, अगदी उणे २ मध्ये टिकली, पण जुन्या उंच जातीची लाल फळं पक्ष्यांना विषारी असतात आणि बी रानात पसरतं, घ्यायचीच तर फळ न धरणारी बुटकी जात विचारून घ्या. जातीबद्दल शंका असेल तर टेक्सस ए अँड एमच्या ॲग्रिलाइफ एक्स्टेन्शनचं काउंटी ऑफिस असतं, त्यांच्या "टेक्सस सुपरस्टार" यादीतली झाडं या राज्यात लावून बघून निवडलेली असतात. दुकानातल्या पोरापेक्षा तिथं विचारा.

लावायचं कधी? खरा मोसम ऑक्टोबर-नोव्हेंबर. वरून झाड शांत होतं पण माती गरम असते, मुळं हिवाळाभर पसरतात आणि पुढच्या उन्हाळ्यात झाड उभं राहतं. एप्रिलमध्येही चालतं पण मग पहिला उन्हाळा तुम्हाला त्याच्या दिमतीला राहावं लागेल. जूनमध्ये सेल लागतो, घेऊ नका.

आमच्या भागाला ब्लॅकलँड प्रेअरी म्हणतात, काळी, चिकण, पूर्वी इथे कापूस पिकायचा, आणि गंमत म्हणजे ही माती आपल्या विदर्भाच्या काळ्या जमिनीच्याच कुळातली, उन्हात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसात बुटाला दोन-दोन किलो चिखल. मी पहिल्यांदा पावसानंतर लगेच खणायला घेतलं तेव्हा बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं, ते म्हणाले, "अरे वाफसा येऊ दे आधी, ओल्यात खणलंस तर विटा होतील त्याच्या." झाल्याच विटा. मूठभर माती दाबून बघा, गोळा होऊन बोटानं टिचकी मारल्यावर फुटला तर खणा, लाडू तसाच राहिला तर दोन दिवस थांबा.

खणण्याआधी दोन-तीन दिवस ८११ ला फोन करा, फुकट आहे, येऊन गॅस-लाइटच्या लाइनी रंगानं आखून देतात. स्प्रिंकलरचे पाइप मात्र ते आखत नाहीत, ते आपले आपण शोधायचे. मी कुदळीनं शोधला, कारंजं उडालं. खड्डा हुंडीच्या, म्हणजे मुळांच्या मातीसकट गोळ्याच्या, दुप्पट-तिप्पट रुंद पण खोल हुंडीएवढाच, हुंडीचा माथा जमिनीपेक्षा बोटभर वर राहिला पाहिजे, खोल लावलेलं झाड आमच्या मातीत गुदमरतं. कुंडीतून काढल्यावर मुळं गोल गोल फिरलेली असतील तर सुरीनं तीन-चार ठिकाणी उभे चरे मारा, जीव वर येतो पण मारा. खड्ड्यात विकतची भारी माती भरू नका, काढलेलीच परत भरा, नाहीतर चिकणमातीत खड्ड्याची बादली होते आणि पाणी साचतं. वर तीन इंच मल्च, म्हणजे माती झाकणारं आच्छादन, खोडाला न चिकटवता. पहिला उन्हाळा स्प्रिंकलरवर विसंबू नका, दोन-तीन दिवसाआड नळी हळू सोडून थेट हुंडीवर पाणी.

पुढची थंडी आली की आदल्या दिवशी जमिनीला भरपूर पाणी द्या, ओली माती ऊब धरते आणि कोरड्या मुळांचं झाड लवकर मरतं. झाकायचं तर फ्रॉस्ट क्लॉथ किंवा जुनी चादर, जमिनीपर्यंत सोडून कडेनं विटा ठेवून, कारण ऊब मातीतून येते. नुसतं वरून टोपडं बांधून उपयोग नाही. प्लास्टिक पानांना टेकलं की तिथेच जळतं. कापडानं पाच-सात डिग्रीचा फरक पडतो, उणे २ मध्ये पिट्टोस्पोरम काही त्यानं वाचत नाही.

आणि कढीपत्ता, मोगरा, जास्वंद, तुळस यांना जमिनीत लावायच्या भानगडीत पडू नका. कुंडी, कुंडीला चाकं, पारा चाळिशीत (फॅरनहाईट) आला की गॅरेजमध्ये. गॅरेजमध्ये कढीपत्ता पानं टाकतो तेव्हा घाबरून पाणी घालत बसू नका, दोन आठवड्यातून एकदा पेलाभर, मार्चमध्ये बाहेर काढून खोडावर नख मारून बघायचं, हिरवं निघालं की वरचा फूटभर छाटून उन्हात ठेवून द्यायचा.